परवान्याचा पैसा वाचेल. देखभालीचा कोण देणार?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. तेव्हापासून सोलापूर जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांतील शाळांच्या संगणक खोल्यांपुढे, पतसंस्थांपुढे, ग्रामपंचायतींपुढे आणि लहान कारखानदारांपुढे एक निर्णय येऊन ठेपला आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्यावर अजून चर्चाही झालेली नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. ही पिढी २०१७ मध्ये बाजारात आली. म्हणजे त्याआधी घेतलेली, सुरळीत चालणारी, मुलांच्या हाताखाली रोज वापरात असलेली यंत्रे अधिकृतपणे बाद ठरतात. सुरक्षा-दुरुस्त्या न मिळणाऱ्या यंत्रावर विद्यार्थ्यांची माहिती किंवा ठेवीदारांची खाती ठेवणे धोक्याचे आहे, हे मान्य केले तर काहीतरी बदलावेच लागणार.

यावर लिनक्स या विनामूल्य, खुल्या संगणक-प्रणालीचा उपाय सुचवला जातो, आणि तो योग्य आहे असेच माझे मत आहे. चार जीबी मेमरीचे जुने यंत्र डेबियन किंवा लिनक्स मिंट या लिनक्स-प्रकारांच्या हलक्या आवृत्तीवर चांगले चालते, त्यावर अद्ययावत ब्राउझर आणि लिब्रेऑफिस हा कार्यालयीन कामाचा संच मिळतो आणि सुरक्षा-दुरुस्त्याही येत राहतात. माझा आक्षेप आहे तो या सूचनेच्या समर्थनार्थ दिल्या जाणाऱ्या एकुलत्या एक कारणाला. परवान्याला पैसे लागत नाहीत, एवढे सांगून हा विषय संपवला जातो. हे कारण फार दुबळे आहे. शैक्षणिक करार असलेल्या संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांचा दर पहिल्या वर्षी प्रतियंत्र एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार डॉलर असा ठेवला आहे. व्यावसायिक ग्राहकांसाठी तोच दर ६१ डॉलरपासून सुरू होऊन दरवर्षी दुप्पट होतो. जी संस्था लिनक्सकडे केवळ किमतीमुळे वळली असेल, तिला तीन वर्षांच्या सात डॉलरांवर पुन्हा मागे फिरवणे अवघड नाही. शिवाय किमतीच्या या युक्तिवादामुळे खरा खर्च नजरेआड होतो. प्रणाली कोणाचीही असो, ती चालती ठेवायला माणसे लागतात आणि माणसांना वेतन लागते.

म्हणून सार्वजनिक संस्थांनी लिनक्सकडे जरूर वळावे, मात्र वाचणाऱ्या परवाना-खर्चाचा ठरावीक हिस्सा त्याच अंदाजपत्रकात देखभालीच्या माणसांसाठी राखून ठेवण्याचे बंधन स्वतःवर घालूनच वळावे. तसे बंधन नसेल तर वर्ष-दीड वर्षात यंत्रे बंद पडतील, शिक्षक वैतागतील आणि दोष लिनक्सच्या माथी मारला जाईल.

ओपन सोर्सच्या, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो अशा साधनांच्या, जगात गेल्या काही वर्षांत झालेले बहुतेक मोठे वाद शेवटी देखभालीच्या याच प्रश्नाशी येऊन थांबतात. त्यांतला सर्वांत बोलका प्रसंग एक्सझेडचा आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. एक्सझेड हे फाइली आकसून लहान करणारे छोटे साधन. ते जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर असते आणि वापरणाऱ्याला त्याचे नावही ठाऊक नसते. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले की एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवलेला आहे. दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएच या सेवेला जोडून घेऊन तो हल्लेखोराला यंत्राचा ताबा देऊ शकत होता. फ्रॉइंड यांना संशय आला तो लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्यामुळे. ते डेबियनच्या चाचणी-आवृत्तीवर वेगळ्याच कामाची मोजमापे घेत होते. खोलात गेले आणि चोरी उघडी पडली. डेबियन, फेडोरा आणि ओपनसुसे या लिनक्स-प्रकारांच्या प्रायोगिक आवृत्त्यांपर्यंत तो संकेत, म्हणजे कोड, पोहोचला होता, स्थिर आवृत्त्यांपर्यंत मात्र पोहोचू शकला नाही.

हा दरवाजा बसवणारे 'जिया टॅन' हे नाव २०२१ पासून वावरत होते. त्या नावामागे कोण होते हे आजवर उघड झालेले नाही. या व्यक्तीने म्हणा किंवा गटाने म्हणा, आधी उपयुक्त दुरुस्त्या पाठवून विश्वास मिळवला. त्याच काळात इतर काही अनोळखी नावांनी मूळ देखभालकर्ते लासे कॉलिन यांच्यावर दबाव आणला की कामाला उशीर होतो आहे, दुसऱ्या कोणाला तरी अधिकार द्या. कॉलिन यांनी तेव्हाच जाहीरपणे लिहिले होते की आपण दीर्घकाळ मानसिक आरोग्याच्या अडचणींशी झगडत आहोत आणि हा प्रकल्प बिनपगारी छंद म्हणून चालवत आहोत. जगभरच्या बँका, दवाखाने आणि सरकारी खाती ज्या साधनावर विसंबून होती, त्याचा सगळा भार एका थकलेल्या माणसावर होता, आणि हल्लेखोराने नेमका तो थकवा हेरला. संकेत सर्वांसमोर खुला असल्यामुळे फ्रॉइंड यांना तो तपासता आला, हे खरेच आहे. पण ते मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणारे, डेटाबेसवर काम करण्याचे वेतन मिळवणारे अभियंते होते, हेही तितकेच खरे आहे. खुलेपणामुळे तपासणी शक्य होते. ती प्रत्यक्षात करायला कोणाचा तरी पगारी वेळ लागतो.

याआधीही हा इशारा मिळाला होता. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड हा दोष उघडकीस आला, तेव्हा इंटरनेटवरील व्यवहारांचे कुलूप असलेल्या या प्रकल्पाला वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर एवढ्याच देणग्या मिळत असल्याचे समोर आले. त्यानंतर काही काळ मोठ्या कंपन्यांनी निधी दिला आणि मग जग पुन्हा आपल्या कामाला लागले. अलीकडे या ओझ्यात नवी भर पडली आहे. अब्जावधी उपकरणांत वापरले जाणारे कर्ल हे साधन सांभाळणारे डॅनियल स्टेनबर्ग यांनी जानेवारी २०२६ च्या अखेरीस दोष शोधणाऱ्यांना बक्षीस देण्याची योजना बंद केली. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या, वरवर विद्वत्तापूर्ण वाटणाऱ्या पण निराधार तक्रारी वाचण्यातच मोजक्या देखभालकर्त्यांचा वेळ जाऊ लागला होता.

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा आणण्यावरून झालेला कलह अधिक गाजला. २०२४ आणि २०२५ मध्ये काही जाणते कार्यकर्ते त्यातून बाहेर पडले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये रस्टवरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढण्याचे ठरले. वादात भाषेच्या गुणदोषांवर पुष्कळ बोलले गेले, पण जुन्या देखभालकर्त्यांचा मूळ आक्षेप असा होता की दोन भाषांतला संकेत उद्या सांभाळायचा कोणी. मला तो आक्षेप अंतिमतः पटत नाही, कारण मेमरीच्या चुका टाळणारी भाषा पुढे तेच ओझे हलके करते. मात्र प्रश्न खरा आहे आणि तो विचारणाऱ्यांना जुनाट म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे.

परवान्यांवरचा वाद सोलापूरकरांना लगेच कळेल असा आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले असूनही बाहेर विणलेली स्वस्त चादर 'सोलापुरी' म्हणून बाजारात खपते, आणि ज्याच्या मागावर त्या नावाची पत तयार झाली त्या विणकराच्या हाती त्यातले काही येत नाही. रेडिस या डेटाबेस बनवणाऱ्या कंपनीची तक्रार अशाच जातीची होती: बांधणी आमची, आणि मोठ्या क्लाउड कंपन्या तीच सेवा म्हणून विकून नफा कमावतात. मार्च २०२४ मध्ये रेडिसने आपला मोकळा परवाना बदलून बंधने घातली. काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली, ॲमेझॉन आणि गुगल यांच्या पाठबळावर, जुन्या संकेतापासून वाल्की हा पर्यायी प्रकल्प उभा राहिला. मे २०२५ मध्ये रेडिसलाच एजीपीएल या खऱ्या अर्थाने खुल्या परवान्याकडे परतावे लागले. कंपनीची तक्रार रास्त होती, उपाय चुकीचा होता. वापरणाऱ्यांचे स्वातंत्र्य आकसून घेऊन कष्टाचा मोबदला मिळत नाही, असे या प्रसंगातून दिसले. मात्र तो मोबदला कोणत्या मार्गाने मिळावा, हा प्रश्न त्याने सोडवला नाही.

परावलंबनाच्या बाजूने पाहिले तर लिनक्सची गरज अधिक ठळक होते. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध लादल्यानंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा अचानक थांबवल्या. या सेवांचे पैसे आपण भरलेले आहेत, असे सांगत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि त्यानंतर त्या पूर्ववत झाल्या. भारतात काम करणाऱ्या कंपनीचा ईमेल ब्रसेल्समधील निर्णयामुळे बंद पडू शकतो, ही गोष्ट कोणत्याही सार्वजनिक संस्थेने गांभीर्याने घ्यावी अशी आहे. लिनक्सच्या समर्थकांनी मात्र येथे एक दुसरी घटनाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियाशी संबंध असलेल्या सुमारे डझनभर देखभालकर्त्यांची नावे कर्नेलच्या अधिकृत यादीतून कायदेशीर कारणे देऊन काढली गेली आणि लिनक्सचे जनक लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी त्या निर्णयाची पाठराखण केली. म्हणजे लिनक्सही राजकारणाच्या आणि अमेरिकी कायद्याच्या बाहेर नाही. पण दोन्ही घटनांतले अंतर मोठे आहे. पहिल्या घटनेत चालू सेवाच हातातून गेली. दुसऱ्या घटनेत काही जणांचा मान आणि अधिकार गेला, आणि तो अन्याय होता असे मी मानतो; तरीही संकेत त्यांच्याकडे राहिला, यंत्रे चालत राहिली आणि स्वतःची आवृत्ती पुढे नेण्याचा हक्क अबाधित राहिला. तो हक्क कामी येण्यासाठी आपल्याकडे ती आवृत्ती सांभाळू शकणारी माणसे हवीत, ही अट मात्र उरतेच.

याच संदर्भात झोहोचा उल्लेख करावा लागेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना झोहोची कार्यालयीन साधने वापरण्यास सांगितले. मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेले चार हुतात्मे यांची आठवण जपणाऱ्या सोलापुरात स्वदेशीचा आग्रह कोणाला समजावून सांगावा लागत नाही, आणि तमिळनाडूतील कंपनीने जगाच्या तोडीची साधने बनवावीत याचा मलाही अभिमान वाटतो. परंतु ती साधने बंद संकेताची आहेत. विक्रेता देशी असला म्हणून संस्थेच्या कागदपत्रांची किल्ली संस्थेकडे येत नाही. देशी कंपनीला काम द्यावे, जरूर द्यावे. कागदपत्रे मात्र खुल्या स्वरूपात आणि संकेत तपासता येईल अशा प्रणालीत असावीत, ही अट तिलाही घालावी.

हे सर्व व्यवहारात जमते का, याचे सर्वांत जवळचे उत्तर केरळमध्ये आहे. तेथील सरकारी व अनुदानित शाळा अनेक वर्षे लिनक्सवर चालतात. काईट ही सरकारी संस्था त्यासाठी स्वतःची आवृत्ती तयार करते, शिक्षकांना प्रशिक्षण देते आणि २०१८ पासून शाळाशाळांत 'लिटल काईट्स' हे विद्यार्थ्यांचे गट चालवते. सुमारे दोन लाख संगणकांवर मिळून तीन हजार कोटी रुपये वाचल्याचा आकडा काईटने दिला होता आणि तोच सर्वत्र सांगितला जातो. छापील दरांनी केलेल्या अशा हिशेबावर मी फारसा विसंबणार नाही. केरळचे खरे यश पगारी संस्था, प्रशिक्षित शिक्षक आणि यंत्र उघडून पाहणारी मुले यांत आहे. उलट जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, सुमारे पंधरा हजार यंत्रे बदलली, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जाण्याचे ठरवले. त्यामागे राजकारण होते, तसेच शहराच्या विखुरलेल्या संगणक विभागांचा गोंधळही होता. आता जर्मनीतलेच श्लेस्विग-होल्श्टाइन राज्य त्या वाटेने जात आहे. २०२६ मध्ये दीड कोटी युरोंहून अधिक परवाना-खर्च वाचेल असे तेथील सरकार सांगते, आणि त्याच वर्षी स्थलांतर व विकास यांसाठी नव्वद लाख युरो बाजूला काढते. बचतीतला निम्म्याहून मोठा वाटा कामावर लावण्याची ही तयारी मला त्यांच्या यशाची खरी शक्यता वाटते.

सोलापूरने येथून सुरुवात करावी. भारत सरकारचे ओपन सोर्स स्वीकाराचे धोरण २०१५ चे आहे. त्यात भर आहे तो वापरावर. जिल्हा परिषद किंवा महापालिका परदेशातल्या एखाद्या देखभालकर्त्याला देणगी पाठवू शकणार नाही, नियम आड येतील, हे मला समजते. असा निधी राज्य पातळीवर उभा राहू शकतो. जर्मनीने २०२२ मध्ये सार्वजनिक निधीतून तशी यंत्रणा उभारली आणि ग्नोम या डेस्कटॉपला दहा लाख युरो दिले, तर आपल्याकडे झिरोधा कंपनीने २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरची योजना जाहीर केली. जिल्ह्याच्या हातात आहे ते माणूस नेमणे. तालुक्याला एक प्रशिक्षित तंत्रज्ञ, आणि त्याच्या नेमणुकीच्या करारात असे स्पष्ट कलम की शाळेत सापडलेला दोष, केलेली दुरुस्ती आणि पुरे केलेले भाषांतर त्याने मूळ प्रकल्पाकडे पाठवलेच पाहिजे. मूळ प्रकल्पाला पैशाइतकीच अशा हातांची गरज असते.

हे योगदान नाममात्र राहण्याचे कारण नाही, कारण सोलापूरकडे देण्यासारखे पुष्कळ आहे. येथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार माध्यमांच्या शाळा आहेत. चार लिप्या एकाच यंत्रावर व्यवस्थित चालाव्यात ही येथील रोजची गरज आहे. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस यांमध्ये मराठी जोडाक्षरे जुळवण्याचे काम हार्फबझ नावाचा ओपन सोर्स प्रकल्प करतो. 'वऱ्हाड' किंवा 'सुऱ्या' यांतला अर्धा ऱ नीट उमटावा, मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे दिसावेत, या गोष्टी मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यालाच खटकतात. दूर देशीच्या अभियंत्याला त्या सुचणार नाहीत. खुल्या परवान्याच्या फॉन्टमध्ये त्या दुरुस्त करण्याची मुभा आपल्याला आहे. छापील मजकूर ओळखून टंकित करणारे टेसरॅक्ट मराठी वाचते, पण जुन्या छपाईपुढे अडखळते. मराठी शुद्धलेखन तपासणारी साधने इंग्रजीच्या मानाने अजून फार मागे आहेत. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारखी अभियांत्रिकी महाविद्यालये आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ यांनी अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून मूळ प्रकल्पात स्वीकारली गेलेली दुरुस्ती ग्राह्य धरली, तर कपाटात जाणाऱ्या बांधीव अहवालांपेक्षा विद्यार्थ्याला आणि भाषेला दोघांनाही अधिक मिळेल. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापण्याची त्यांची कल्पना राज्याने उचलली. खेड्यातल्या शाळेतले काम दूरवर पोहोचू शकते, याचा दाखला जिल्ह्याकडे आहे.

अडचणी आहेत आणि त्या झाकून ठेवू नयेत. टॅली आणि कोरलड्रॉ लिनक्सवर मूळ स्वरूपात चालत नाहीत. कापड व्यापाऱ्याचे हिशेब आणि लग्नपत्रिका, फलक छापणाऱ्याचे काम त्यांवर चालते. त्यांना घाईने बदलायला लावणे चुकीचे ठरेल. नोकरीसाठी आवश्यक मानल्या जाणाऱ्या एमएस-सीआयटीच्या मुलांचा बहुतेक सराव विंडोजवर होतो, त्यामुळे लिनक्स शिकवले तर मुलांचे नुकसान होईल ही पालकांची भीती निराधार नाही; तिचे उत्तर अभ्यासक्रम बदलून द्यावे लागेल, भाषणे देऊन नव्हे. सरकारी कार्यालयांतली हजारो पाने युनिकोडपूर्व फॉन्टांमध्ये अडकलेली आहेत. तो फॉन्ट नसला की मजकुराच्या जागी असंबद्ध इंग्रजी अक्षरे दिसतात आणि संगणकावर शोध घेता येत नाही. ही पाने युनिकोडमध्ये आणणे लिनक्सशिवायही आवश्यक आहे, आणि त्यालाही माणसेच लागतील.

म्हणून पहिल्या वर्षी एकाच तालुक्यातल्या शाळा घ्याव्यात, हिशेबाची आणि छपाईची यंत्रे वगळावीत, आणि जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात संगणक खरेदीच्या शेजारी देखभाल व योगदान असे स्वतंत्र शीर्ष उघडावे. खरेदी झाली नाही तरी त्या शीर्षाखालचे वेतन थांबणार नाही, अशी त्याची रचना हवी. वर्षअखेरीला किती यंत्रे बसवली यासोबतच किती दुरुस्त्या मूळ प्रकल्पांनी स्वीकारल्या, हा आकडाही सभागृहापुढे ठेवला जावा.